परळहून वडगावपर्यंत
[आपल्या मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण]



गेल्या पौषात आपल्या मंडळाची दोन दिवसांची सहल निघाली, तिचा वृत्तान्त सांगावा अशी चिटणीसांनी मला आज्ञा केली आहे. मी जन्मभर खडू आणि फळा यांच्या संगतीत काढलेला मनुष्य, वक्ता नव्हे. वडगावचा तह मी तीस वर्षे मुलांकडून पाठ करून घेतला, पण वडगाव कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते. शिक्षकाला हे भूषणावह नाही. तेव्हा तरुण मंडळींनी रणभूमी पाहण्याची टूम काढली, त्या वेळी पहिले नाव मी दिले.

आमची मोटार परळहून निघाली, हे योग्यच झाले. आज जेथे हाफकिन संस्था आहे, तो वाडा पूर्वी गव्हर्नरचा बंगला होता. १७७१ साली गव्हर्नर झालेला विल्यम हॉर्नबी तेथे राहात असे. त्याच्या कारकिर्दीत, १७७५ साली, रघुनाथराव पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला. मला पुण्याची सत्ता मिळवून द्या, मी तुम्हांस साष्टी आणि वसई देतो, असा त्याचा मथितार्थ. जी वसई त्यांच्या सख्ख्या चुलत्याने, चिमाजी अप्पांनी, १७३९ साली एवढे रक्त सांडून घेतली, ती पुतण्या कागदावर देऊन मोकळा झाला! ज्या परळला आपण गिरणगाव म्हणून ओळखतो, त्या परळचा या इतिहासाशी असा संबंध आहे, हे आमच्यापैकी कितीकांना प्रथमच कळले.

मोटारीत जागा चिठ्ठ्या टाकून वाटल्या होत्या. आपणां सर्वांस ठाऊक आहे की, जुन्या इमारतीच्या पुनर्विकासावरून गेली चार वर्षे आपल्या मंडळात दोन तट पडले आहेत. माझ्या चिठ्ठीने मला नेमके त्या गृहस्थांशेजारी बसविले, ज्यांच्याशी मी या चार वर्षांत एक अक्षर बोललो नव्हतो. लालबागहून पनवेलपर्यंत आमचे संभाषण "खिडकी लावू का?" आणि "लावा" एवढेच झाले.

खोपोलीपासून पालीच्या रस्त्याने जाऊन चावणी गावाजवळ आम्ही उतरलो. ही उंबरखिंड. शाहिस्तेखानाने कोकण घेण्यासाठी पाठविलेला कारतलबखान लोणावळ्याच्या बाजूने घाट उतरून येथील अरण्यात शिरला, आणि २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी त्यास कोंडले. पुढे वाट नाही, मागे वाट नाही, प्यावयास पाणी नाही. सैन्याबरोबर असलेल्या रायबागन या शूर आणि शहाण्या स्त्रीने खानास शरण जाण्याचा सल्ला दिला. सामानसुमान टाकून सैन्याने जीव वाचविला. नदीकाठी स्मारक आहे. तेथे उतरताना माझ्या गुडघ्याने दगा दिला. पुढे आलेला हात धरून मी सावरलो. वर पाहतो तो हात माझ्या शेजाऱ्यांचा! आभार मानावयाचेही मला सुचले नाही.

मग बोरघाट चढून आम्ही कार्ल्याकडे वळलो. हीच १७७८-७९ च्या इंग्रजी मोहिमेची वाट. सुमारे चार हजारांची फौज आणि तिच्याबरोबर एकोणीस हजार बैल! रघुनाथरावांना पुण्यास बसविण्यासाठी हे लटांबर नोव्हेंबरात मुंबईहून निघाले. घाट चढल्यावर तळेगावपर्यंतच्या वीसेक मैलांना त्यांस पंधरवडा लागला. आमच्या मोटारीस तासही लागला नाही. वाटेत मराठ्यांच्या तुकड्या त्यांना सतत सतावीत होत्या. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने ठार झाला. शत्रू असूनही त्याच्या धाडसाचे आपल्या लोकांना एवढे कौतुक की, त्यांनी त्यास 'इष्टुर फाकडा' हे नाव दिले आणि आजही ते नाव या भागात चालते.

मुक्काम तळेगाव दाभाडे येथे होता. सेनापती दाभाड्यांचे हे गाव. खंडेराव दाभाड्यांची समाधी येथे आहे. त्यांचे पुत्र त्र्यंबकराव १७३१ साली डभईच्या लढाईत मारले गेले, आणि ते मोगलांच्या नव्हे, तर पहिल्या बाजीरावांच्या सैन्याशी लढताना! सेनापती आणि पेशवा, दोघेही एकाच छत्रपतींचे सेवक. घरातील कलहाची ही गोष्ट समाधीपाशी सांगताना माझा आवाज किंचित खाली आला, कारण शेजारी माझे शेजारी उभे होते.

९ जानेवारी १७७९ रोजी इंग्रज तळेगावी पोहोचले, तो काय? गाव ओस, घरे जळालेली, दाणा नाही, वैरण नाही. आपल्याच लोकांनी शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून हे केले होते. प्रसंगी चिंचवड आणि पुणेही जाळण्याची सिद्धता होती. लढाईतील सरदारांची नावे आपण पाठ करतो. पण भर पौषात, खळ्यावरची रास घरात आलेली असताना, जिने स्वतःच्या घरावर निखारा ठेवलेला पाहिला, त्या कुणब्याच्या बायकोचे नाव कोणत्याही बखरीत सापडत नाही.

तेथे एका नऊ-दहा वर्षांच्या मुलाने मला विचारले, "गुरुजी, या लढाईत आपल्यांतले कोण होते?" त्यासरशी मोठ्या मंडळींनी आडनावांची यादी सुरू केली. मी मात्र उत्तर दिले नाही. ते मला दुसऱ्या दिवशी सापडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही प्रथम पुण्याच्या अंगाला, खडकी आणि गणेशखिंड पाहावयास गेलो. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी येथे पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली. आज त्या परिसरात विद्यापीठ आहे, लष्कराची छावणी आहे, वाहनांची अखंड रांग आहे. बापू गोखले शर्थीने लढले. मोर दीक्षित मराठे येथे पडले. इंग्रज संख्येने कितीतरी कमी, तरी दिवस त्यांचा ठरला आणि बारा दिवसांत पुणे त्यांच्या हाती गेले. पण मला तेथे आठवली ती दुसरीच गोष्ट. त्याच दिवशी, त्याच ५ नोव्हेंबरला, तिकडे दौलतराव शिंदे इंग्रजांशी ग्वाल्हेरचा तह करीत होते.

परतताना दुपारी आम्ही वडगावास थांबलो, तेव्हा या तारखेचा अर्थ लागला. तळेगावाहून ११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात लोटल्या, सामान जाळले आणि ते गुपचूप मागे फिरले. मराठ्यांनी त्यांस वाटेतच गाठले. वडगावात कोंडलेल्या फौजेने अखेर तह मागितला आणि १७७३ पासून घेतलेला सारा मुलूख परत देण्याचे कबूल केले. हा तह वरिष्ठ इंग्रजांनी पुढे पाळला नाही, १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी त्यांच्याकडेच राहिली, हे खरे. तरी त्या दिवशीचा विजय पुरा होता. त्या दिवशी महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके एका विचाराने उभे होते आणि पाठीशी नाना फडणीस होते. या मंडळींत परस्परांविषयी हेवा नव्हता असे नाही. पण तो त्यांनी घाटाखाली नेला नाही. तेथे महादजींचे स्मारक आहे. महादजींच्या गादीवर बसलेल्या पुरुषाने अडतीस वर्षांनी काय केले, ते आम्ही नुकतेच पाहून आलो होतो.

त्या मुलाला मी तेथे उत्तर दिले. म्हटले, "बाळ, रघुनाथराव आपल्यांतलेच होते. इंग्रजांच्या पलटणीतील शिपायांत आपल्या कोकणातली माणसे होती. ज्यांनी घरे जाळून घेतली तेही आपल्यांतलेच. आपले कोण, हे आडनावावरून ठरत नाही. घर अडचणीत असता कोण कोणाच्या दारी गेला, यावरून ठरते."

हे बोललो आणि माझाच शब्द मला लागला. बंधूंनो, आपल्या मंडळाविरुद्ध सरकारी कचेरीत जो तक्रारअर्ज गेला आहे, त्यावर तिसरी सही माझी आहे. अन्याय झाला तर दाद मागू नये, असे मी म्हणत नाही. प्रत्यक्ष अपहार झाला असेल, तर सरकारदारी जाणे हे कर्तव्यच आहे. पण मी काय केले? सही करण्यापूर्वी मी एकदाही हिशेब मागितला नाही, सभेस गेलो नाही, चिटणीसांचे दार वाजविले नाही. रागाच्या भरात मी थेट परक्या दारी गेलो. रघुनाथरावांना मुलांपुढे तीस वर्षे दोष देणाऱ्या गुरुजीची ही कथा!

परतीच्या वाटेवर, बोरघाट उतरताना, मी शेजाऱ्यांना म्हटले, "हिशेबाच्या वह्या मला पाहावयास मिळतील काय?" ते म्हणाले, "गुरुजी, चार वर्षे मी त्या घरी बांधून ठेवल्या आहेत. कोणी मागितल्याच नाहीत." पुढच्या दोन रविवारी आम्ही त्या मिळून पाहिल्या. दोन ठिकाणी माझी शंका खरी ठरली. त्या नोंदी त्यांनी मान्य केल्या आणि त्या आज सभेपुढे येतील. इतर ठिकाणी माझा ग्रह चुकीचा होता.

त्या अर्जावरील माझी सही मी आज मागे घेत आहे. बाकीच्या सह्या ज्यांच्या आहेत, त्यांना मी आग्रह करणार नाही. त्यांनी आधी वह्या पाहाव्यात, एवढीच विनंती. वह्या मंचावर ठेवल्या आहेत. पुढील पौषात मोटार पुन्हा निघेल, आणि जागा पुन्हा चिठ्ठ्या टाकूनच वाटाव्यात, अशी सूचना करून मी आपली रजा घेतो.