दारू सुटते कशी?

दारू सोडण्याची सुरुवात शपथेने नव्हे, डॉक्टरांपासून व्हावी. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याच्या शरीराला दारूची सवय जडलेली असते. ती एकाएकी बंद झाली, की सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, चहाचा कप बशीवर खडखडतो, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर काहींना भास होतात, भिंतीवर किडे चालताना दिसतात. हा त्रास जिवावरही बेततो. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी दारू एकदम तोडू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे आणि बी-१ जीवनसत्त्व घेतले, तर हे दिवस बहुधा आठवडाभरात निभावतात.

त्यानंतरही तलफ येतेच, पण बहुतेक वेळा ती अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ निभावून नेणे, हेच खरे काम. उपाशी पोट, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळी तलफ जोर धरते. म्हणून संध्याकाळी कामावरून सुटताच पोटभर खावे, गुत्त्यावरून जाणारा रस्ता टाळावा, पगार थेट घरी द्यावा.

नॅलट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतल्यास मदत करतात. डायसल्फिराम हे औषध घेतलेल्या माणसाने दारू प्यायली, तर उलट्या होतात, छाती धडधडते. ते जेवणात गुपचूप कालवून कधीच देऊ नये, त्याने जीव जाऊ शकतो.

सोबतही औषधाइतकीच मोलाची. बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे दोन मद्यपी १९३५ साली अमेरिकेत एकमेकांच्या आधाराने दारूपासून दूर राहू लागले. त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही मद्यपींची संघटना उभी राहिली. ‘फक्त आजचा दिवस प्यायचे नाही’, हा तिथला नेम. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राने रुग्णांच्या पत्नींनाही उपचारात सामील करून घेतले, कारण व्यसन सारे घर सोसत असते.

मधेच पाय घसरला, तर शिव्याशाप नकोत. मधुमेह बळावला की उपचार पुन्हा सुरू होतात, तसेच हेही. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन विनामूल्य आहे. पिणाऱ्याने किंवा त्याच्या घरच्यांनी, कोणीही, आजच फोन करावा.