दार बाहेर उघडावं

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका ज्येष्ठ सभासदाने केलेलं भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण लोधिवलीला राहायला आलो, तेव्हा आपल्यातले बरेच जण रसायनी-पाताळगंगेच्या कारखान्यांत शिफ्ट करणारे, पस्तिशी-चाळिशीतले होते. आज सोसायटी पंचविशीची झाली आणि आपण साठीचे. म्हणून मी विषय निवडलाय बाथरूमच्या दाराचा. हसू नका. त्या दारापायी माझी आई वीस मिनिटं एकटी पडून होती.

बाथरूम नवीन करायला काढलं तेव्हा मी हौसेने शॉवरला काचेचं पार्टिशन बसवलं. अगदी हॉटेलसारखं! आई म्हणाली, "अरे, एवढा खर्च करतोयस तर मला धरायला काहीतरी लाव." मी म्हटलं, "टॉवेलचा दांडा आहे ना गं."

श्रावणातली सकाळ होती. धप्पकन आवाज आला. आईने दांडा धरला होता, तो स्क्रूसकट हातात आला. ती बाथरूमच्या दाराशीच आडवी पडली, आणि दार आत उघडणारं. ढकललं की तिलाच लागायचं. कडी आतून लावलेली. शेवटी तळमजल्यावरचे आपले दादा पटाशी घेऊन धावत आले आणि दाराचं खालचं पॅनेल काढलं. तोवर आई आतून मलाच धीर देत होती, "घाई करू नकोस रे, मी आहे." खुब्याचं हाड मोडलं होतं.

ऑपरेशननंतर घरी आणली तर व्हीलचेअर बाथरूममध्ये जाईना. दाराचं मोकळं अंतर २६ इंच, खुर्ची २७. एका इंचासाठी आईला उचलून न्यावं लागलं. तिला त्याचा फार संकोच वाटायचा.

त्यातून जे शिकलो ते सांगतो.

पहिलं, बाथरूमचं दार बाहेर उघडावं किंवा सरकतं असावं, आणि कडी बाहेरूनही उघडता येईल अशी असावी. सुलभ बांधकामासाठी केंद्र सरकारच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्यात दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट धरली आहे. आपल्या फ्लॅटमध्ये सगळीकडे तेवढी जागा निघणार नाही. पण चौकट मोजताना दोन पाखांमधलं अंतर मोजू नका. दार उघडून, मधे राहणारी मोकळी जागा मोजा. रुंदी वाढवायची तर आधी सोसायटीचं पत्र आणि इंजिनिअरचा सल्ला घ्या. कॉलम-बीमला हात लावायचा नाही.

दुसरं, शॉवरची काच. घ्यायचीच तर टफन्ड घ्या, आयएस २५५३ चा शिक्का बघून. साधी काच फुटली की सुऱ्यांसारखे तुकडे होतात, टफन्डचे बारीक खडे. एकदा टफन केलेली काच नंतर कापता येत नाही की भोक पाडता येत नाही, म्हणून माप आधीच पक्कं करा. आठ मिलिमीटरची काच चौरस मीटरला वीस किलो भरते. दोन फूट रुंद, साडेसहा फूट उंच दार म्हणजे चोवीस किलो. बिजागऱ्या पोकळ वाजणाऱ्या टाइल्सवर बसवू नका. बोअरचं पाणी असेल तर पांढरे डाग पुसायची तयारी ठेवा.

जागा कमी असेल तर घडीचं दार बरं. आणि जिथे माणसाला बसवून, धरून अंघोळ घालायची असते, तिथे जाड पडद्यासारखं सोयीचं काही नाही. आईची काच मी काढली, पडदा लावला.

तिसरं, उंबरा. आमचा कडाप्प्याचा उंबरा काढून दारापाशी जाळीची पन्हळ केली, आणि फरशीला नहाणी ट्रॅपकडे उतार दिला. वॉटरप्रूफिंग मात्र नीट करा, नाहीतर खालच्या घराच्या छताला ओल यायची आणि शेजाऱ्यांशी भांडण. धरायचे दांडे विटांच्या भिंतीत पक्के बसवा. टॉवेलचा दांडा टॉवेलसाठीच असतो, हे मला फार महागात पडून कळलं.

कमिटीला एकच विनंती आहे. आपल्या सोसायटी ऑफिसच्या संडासाचं दार आजही आत उघडतं, आणि दारात पायरी आहे. रौप्यमहोत्सवाच्या निधीतून तेवढं एक काम करूया. ते आपल्या सगळ्यांच्याच उपयोगी पडणार आहे, आज नाहीतर उद्या.

आई आज पहिल्या रांगेत बसलीय. स्वतःची अंघोळ स्वतः उरकून आलीय, हे तिने मुद्दाम सांगायला सांगितलंय. तुम्ही घरी गेलात की एवढंच बघा, आपल्या बाथरूमचं दार कुठल्या बाजूला उघडतं?