एका दांपत्याची मृगया



नवरा-बायको आणि हरीण म्हटले की आपल्या मनात पंचवटी उभी राहते. कांचनमृग दिसला, सीतेला तो हवासा वाटला, राम धनुष्य घेऊन निघाला आणि पुढचे सारे रामायण घडले. मी आज ज्या दांपत्याविषयी बोलणार आहे त्यांची गोष्ट एका बाबतीत निराळी आहे. हरीण हवे असे सांगून येथील सीता आश्रमात थांबली नाही. खांद्यावर पिशवी टाकून ती नवऱ्याबरोबर स्वतः रानात गेली.

मी शाकाहारी घरातला माणूस, बंदूक कधी हाती धरलेली नाही. तेव्हा शिकारीवर व्याख्यान देण्याचा मला अधिकार काय, असे आपण विचाराल तर ते रास्तच होईल. माझा मुलगा अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहतो आणि हे दांपत्य त्याच्या शेजारचे, एवढाच माझा अधिकार. गृहस्थ शाळेत सुतारकाम शिकवीत, बाई रुग्णालयात परिचारिका होत्या. आता दोघेही निवृत्त आहेत. त्यांच्या जेवणाच्या मेजावर मी बटाटे खाल्ले, त्यांनी हरणाचे मांस खाल्ले आणि बोलणे मात्र दोन्ही बाजूंनी पोटभर झाले.

विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरात नऊ दिवस बंदुकीने हरणे मारण्याचा हंगाम असतो. आपल्याकडे गणपतीला चाकरमानी कोकणात जातात, तशी तिकडची माणसे त्या आठवड्यात रजा काढून रानात जातात. हे दोघे चाळीस वर्षे जोडीने जात आले. तिथले हरीण पांढऱ्या शेपटीचे. ते भेकरासारखे भुंकत नाही की बैलासारखे डुरकत नाही. माजावर आलेला नर फार तर हलकेच घुरघुरतो. बाईंनी तरुणपणी केव्हातरी वाचले होते की 'रेड डियर' जातीचा नर माजाच्या दिवसांत सारी दरी दणाणून टाकतो. ते ऐकायचे, एवढेच त्यांच्या मनात भरले. फडताळात कॉफीचा एक रिकामा डबा ठेवला आणि त्यात पैसे पडू लागले. मुलांची शिक्षणे, घराचे छप्पर, गृहस्थांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया, या प्रत्येक वेळी डबा रिकामा झाला आणि पुन्हा भरू लागला. अखेर एप्रिल २०२०चे न्यूझीलंडचे तिकीट हातात आले. १९ मार्च २०२० रोजी करोनामुळे त्या देशाने परदेशी पाहुण्यांना आपली दारे बंद केली! ती पुरती उघडायला जुलै २०२२ची अखेर उजाडली. हे दोघे गेले एप्रिल २०२३मध्ये. आपल्याकडे काशीयात्रेचा बेत असाच तीन-तीन वर्षे पुढे जातो, पण ती जाणाऱ्यांची भक्ती असते. ही यात्रा हरणासाठी होती, एवढाच फरक.

एप्रिल महिनाच का, हे सांगायला हवे. रेड डियरचे मूळ घर युरोप. तिथे तो सप्टेंबर-ऑक्टोबरात, शरदात, माजावर येतो. पृथ्वीच्या दक्षिणार्धात ऋतू उलटे, म्हणून नेलेल्या हरणांनी आपले पंचांगही उलटे केले आणि तिथे हा हंगाम मार्चअखेर ते एप्रिल असा आला. अंगाने हे हरीण साधारण आपल्या सांबराच्या जवळपासचे. काश्मीरचा हंगुल हा त्याचा जवळचा आप्त.

'नेलेल्या' हा शब्द मी मुद्दाम वापरला. माणसाने आणून सोडण्यापूर्वी न्यूझीलंडच्या जमिनीवर वटवाघळे सोडली तर सस्तन प्राणीच नव्हता. वाघ नाही, कोल्हा नाही, ससा नाही आणि हरीणही नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रज वसाहतकार तिथे गेले आणि त्यांना मायदेशाची आठवण येऊ लागली. आठवण पुरी करण्याचे मार्ग माणसागणिक वेगळे असतात. या मंडळींनी हरणे मागविली. १८५१पासून बोटीतून रेड डियर येऊ लागले. १८६०च्या दशकात विंडसरच्या राजउपवनातली हरणे उत्तर बेटावरील वाइरारापा भागात सोडण्यात आली. १८७१ साली स्कॉटलंडमधून आणलेली हरणे दक्षिण बेटावर ओटागोच्या डोंगरांत सोडली गेली. १८७५ साली सिलोनहून सांबरही गेले. १९०४ साली बेडफर्डच्या ड्यूकने आपल्या हिमालयातला ताहर, म्हणजे रानबोकडाच्या कुळातला केसाळ पहाडी प्राणी, पाठवून दिला. हे सारे कायद्याच्या संरक्षणाखाली वाढत होते. इंग्लंडात हरणाची शिकार ही उमरावांची मक्तेदारी होती. नव्या देशात ती न्हाव्यालाही करता यावी ही त्यामागची कल्पना. कल्पना उदार होती. पण तिने रानाला विचारले नव्हते.

हरणांना खाणारे कोणी नव्हते आणि त्यांच्यापुढे असे रान होते की ज्याने चार पायांचे तोंड कधी पाहिलेच नव्हते. कोवळी रोपे उगवताच फस्त होऊ लागली. वरून पाहावे तर झाडे उभी आहेत, आणि आत शिरावे तर खालचा सारा थर गेलेला, असे झाले. घरात म्हातारी माणसे धडधाकट असावीत पण पाळणा हलू नये, तशी त्या वनाची गत. काही शिकारी म्हणतात की मोआ नावाचे प्रचंड पक्षी पूर्वी हीच पाने खात, मग हरणांनी खाल्ली तर बिघडले काय? पण मोआ नाहीसे होऊन सहाएकशे वर्षे झाली, आणि पक्ष्याची चोच व हरणाची जीभ एकच वनस्पती एकाच रीतीने खात नाहीत. मला तरी हा युक्तिवाद आपल्या छंदाला वकील दिल्यासारखा वाटतो.

१९३०च्या सुमारास सरकारने संरक्षण काढले आणि पगारी शिकारी नेमले. महिनोन्‌महिने डोंगरात राहायचे, हरणे मारायची आणि शेपट्या किंवा कातडी मोजून दाखवायची. बंदोबस्ताने पुरते जमले नाही ते १९६०नंतर बाजाराने काही अंशी केले. युरोपात हरणाच्या मांसाला भाव आला आणि हेलिकॉप्टरमधून हरणे टिपली जाऊ लागली. पुढे १९७०च्या सुमारास जिवंत हरणे जाळ्यांनी पकडून कुंपणात पाळण्याचा धंदाच उभा राहिला. जे कालपर्यंत उपद्रवी जनावर, ते आज गोठ्यातले धन! आजही तिथल्या सरकारी रानांपैकी बऱ्याच भागांत हरीण मारायला संख्येची मर्यादा नाही, बंद हंगाम नाही आणि परवान्याला पैसे पडत नाहीत.

आता आपल्या दांपत्याकडे वळू. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, उंच कुंपणाच्या खासगी राखीव रानात जायचे. तिथे निवडून पैदास केलेले, झुडपाएवढ्या शिंगांचे नर असतात आणि किंमत शिंगांच्या मापावर ठरते. अनेक श्रीमंत परदेशी तेच करतात. याला मी शिकार म्हणणार नाही, खरेदी म्हणेन. फक्त दुकानाला छप्पर नाही. या दोघांना तेही परवडले नसते आणि आवडलेही नसते. त्यांनी हावेआ सरोवराकडचे सरकारी रान निवडले. १८७१च्या स्कॉटिश हरणांची संतती ती हीच.

विमानतळावर त्यांच्या बुटांचे तळवे तपासण्यात आले. परदेशाच्या मातीचा कण आत येऊ नये यासाठी तो देश आज किती जागरूक आहे, याचे बाईंना मोठे कौतुक वाटले. दीडशे वर्षांपूर्वी बोटीतून अख्खी हरणे उतरविणाऱ्यांच्या देशात आता बुटाला चिकटलेले बी चालत नाही! बंदूक त्यांनी नेली नाही. तिथे परवानाधारक माणसाच्या थेट देखरेखीखाली त्याची बंदूक दुसऱ्याला चालविता येते. वाटाड्याजवळ एकच होती. म्हणून विषम दिवशी नवऱ्याची पाळी आणि सम दिवशी बायकोची, असा करार झाला. चाळीस वर्षांच्या संसारानंतर असे करार सहज होतात.

मुक्काम सहा फळ्यांच्या बिछान्यांच्या एका खोपीत होता. अशा शेकडो खोपी तिथल्या डोंगरांत आहेत आणि त्यांतल्या कित्येक त्या पगारी शिकाऱ्यांसाठी बांधलेल्या. पहिले दोन दिवस पाऊस. खोपीचा पत्रा वाजत होता, चावऱ्या माश्या आत शिरत होत्या आणि गृहस्थांचा गुडघा दुखत होता. दुसऱ्या रात्री पाऊस थांबला. बाई पाणी आणायला बाहेर पडल्या आणि पलीकडच्या उतारावरून तो आवाज आला. मी त्यांना विचारले, कसा होता? त्या म्हणाल्या, "प्रथम वाटले, कोणी म्हातारा वेदनेने कण्हतो आहे. मग त्या कण्हण्याची गर्जना झाली." थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने उत्तर आले, मग तिसरे. त्या बादली तशीच ठेवून तासभर थंडीत उभ्या राहिल्या. नवरा बोलवायला आला आणि तोही उभाच राहिला.

तिसरा दिवस गृहस्थांचा. या हंगामात वाटाडे बैलाच्या शिंगातून किंवा साध्या नळीतून नराची नक्कल करतात. खरा नर समजतो की प्रतिस्पर्धी आला, आणि चालून येतो. वाटाड्याने डुरकून साद घातली, झाडीतून साद आली. यांनी पुन्हा घातली, ती आणखी जवळून आली. वीस मिनिटे हा सवाल-जबाब चालला. फांद्या हलल्या, तपकिरी रंगाचा एक तुकडा दिसला. गृहस्थांची बंदूक खांद्याला होती. विस्कॉन्सिनमध्ये त्या दिवसांत भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडे घालणे कायद्याने सक्तीचे आहे. न्यूझीलंडच्या रानात तशी सक्ती नाही. तिथे बंदुकीच्या सुरक्षिततेचे सात नियम आहेत आणि त्यांतला एक सांगतो, लक्ष्य काय आहे याची निःसंशय खात्री करा. डोके दिसले नव्हते, शिंगे दिसली नव्हती. गृहस्थांनी बंदूक खाली केली. झाडीतून पंचविशीतला एक तरुण बाहेर आला, तोंडाशी शिंग, अंगात मातकट सदरा. तोही वीस मिनिटे यांच्या 'नरा'वर चालून येत होता.

श्रोतेहो, ही कादंबरीतली कल्पना नव्हे. या हंगामात शिकाऱ्याने शिकाऱ्याला हरीण समजून मारल्याच्या घटना त्या देशात घडलेल्या आहेत. चौघांनी तिथेच बसून चहा केला. फारसे कोणी बोलले नाही. गृहस्थांनी त्या दिवसानंतर बंदूक हाती घेतली नाही. पाचव्या दिवशी पाळी असूनही नाही.

चौथा दिवस बाईंचा. वाटाड्याने त्यांना मोकळ्या गवताच्या उतारावर नेले. दूर एक नर होता, चांगल्या शिंगांचा, आणि भोवती माद्या. वाटाडा म्हणाला, "शिंगे हवी असतील तर नर. रानाचे भले हवे असेल तर मादी. एक नर गेला तर दुसरा त्याची जागा घेतो. कळप होता तेवढाच राहतो." तीन दशके डब्यात पैसे साठवून आलेल्या माणसाला हा प्रश्न विचारणे जरा निर्दयपणाचेच. बाईंनी नराकडे पुष्कळ वेळ दुर्बिणीतून पाहिले. मग त्यांनी उलट विचारले, "यांपैकी कोणत्या मादीबरोबर पाडस नाही?" वाटाड्याच्या मते त्याने रानाला काही फरक पडत नव्हता. बाईंना पडत होता. अर्धा तास पाहून, एकटी चरणारी एक तरुण मादी त्यांनी निवडली. एका गोळीत ती पडली. मांस पाठीवरून खाली आणायला संध्याकाळ झाली. थोडे त्यांनी खोपीत शिजवले आणि बाकीचे वाटाड्याच्या घरी गेले.

हे ऐकून मला काय वाटले? एकटी चरणारी तरुण मादी, हे शब्द कानाला लागले, हे मी लपवीत नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली आणि ते योग्यच झाले. आपल्या रानात चितळाला वाघ आहे, बिबट्या आहे, रानकुत्रा आहे. तिथे माणसाने बंदूक घेऊन जाणे म्हणजे वाघाच्या ताटातले उचलणे. पण तोच ताहर पाहा. हिमालयात त्याची संख्या चिंतेची म्हणून आपण त्याला जपतो. न्यूझीलंडमध्ये १९९३च्या आराखड्याप्रमाणे तो दहा हजारांवर जाऊ द्यायचा नाही असे ठरले आणि त्यासाठी सरकार त्याला मारविते. जनावर तेच आहे. बदलला तो डोंगर.

आणि हा प्रश्न परका आहे असेही समजू नका. आपल्यापैकी जे अंदमानला जाऊन आले असतील त्यांनी रॉस बेटावर, २०१८पासून ज्याला नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप म्हणतात तिथे, माणसाळलेली चितळे पाहिली असतील. त्यांच्याबरोबर छायाचित्रेही काढली असतील. अंदमानात चितळ मूळचे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी ते नेऊन सोडले, आणि तिथेही त्याला खाणारे कोणी नाही. ज्या बेटांवर ते वाढले तिथे रानातली कोवळी रोपे टिकत नाहीत, हे अभ्यासकांनी पाहिलेले आहे. चितळासारखे देखणे जनावर. त्याच्यावर बंदूक कोण रोखणार? आणि कोणी रोखली नाही तर त्या रानातल्या पुढच्या झाडांचे काय? विस्कॉन्सिनच्या त्या बाईंनी माझ्यापुढे हाच प्रश्न ठेवला, अंदमानाचे नावही ठाऊक नसताना. मी त्यांना आपला कायदा सांगितला, आपली श्रद्धा सांगितली, आणि उत्तर मात्र मला देता आले नाही.

त्यांच्या घरी भिंतीवर न्यूझीलंडची शिंगे नाहीत. बाईंच्या दूरध्वनियंत्रात त्या दुसऱ्या रात्रीचा आवाज मात्र आहे. त्यांनी तो आम्हाला ऐकविला. पहिले अर्धे मिनिट नुसते ओढ्याचे पाणी वाहताना ऐकू येते, मग ते कण्हणे सुरू होते, आणि मध्येच गृहस्थांचा आवाज येतो, "बादली कुठे आहे?"