अँटेना काढून ठेवा, मग बोला

‘जीपीएसमुळे बरोबर वेळ मिळते’ या वाक्याशी वक्त्यांचं जुनं वैर. दूरसंचार क्षेत्रात हयात घालवलेले हे निवृत्त अभियंते वसंत व्याख्यानमालेत उभे राहिले ते हे वैर सोबत घेऊनच. पत्रिकेत विषय छापला होता ‘उपग्रह आणि अचूक वेळ’. उपग्रहांची बोळवण पाच मिनिटांत झाली. वीस हजार किलोमीटर उंची, पोटात अणुघड्याळं, सापेक्षतेच्या हिशोबाने ती रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे जाणार म्हणून आधीच तेवढी मंद करून पाठवलेली. “हे आपल्याला ठाऊक आहेच,” म्हणून स्वारी पुढे सरकली. तिसऱ्या रांगेतल्या काकूंना ते अजिबात ठाऊक नव्हतं.

मग पिशवीतून मुठीत मावेल असा पत्र्याचा डबा निघाला. दहा मेगाहर्ट्‌झचा क्वार्ट्‌झ ऑसिलेटर. क्रिस्टल आणि त्याला सतत सत्तर-ऐंशी अंशांवर राखणारी छोटी भट्टी, दोन्ही आतच. बॅटरीसकट तो पहिल्या रांगेत फिरला. “गरम आहे हो!” कुणीतरी ओरडलं. “गरम आहे तोवरच शहाणा आहे,” वक्ते म्हणाले.

त्यांचं म्हणणं असं. उपग्रहाचा रिसीव्हर दर सेकंदाला एक ठोका देतो, पण तो कधी वीस नॅनोसेकंद लवकर पडतो, कधी तीस उशिरा. वातावरणातून येताना आणि भिंतींवर आपटून येताना संदेश भरकटतो. दिवसभराची सरासरी काढली तर मात्र हिशोब चोख. क्रिस्टलचं नेमकं उलट. या क्षणापासून पुढच्या क्षणापर्यंत त्याच्यासारखा स्थिर कुणी नाही, पण वय होतं तसा तो हळूहळू एका बाजूला सरकतो. “रोज दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे करणारा, पण महिनाअखेर पैसा न् पैसा जुळवणारा वाणी म्हणजे उपग्रह,” असं ते म्हणताच हशा पिकला. तर, क्रिस्टलच्या एक कोटी कंपनांचा एक सेकंद करायचा, तो उपग्रहाच्या ठोक्याशी ताडायचा आणि फरकाची शेकडो सेकंदांची सरासरी काढून क्रिस्टलचं व्होल्टेज किंचित हलवायचं. घाई केली तर उपग्रहाचा थरथराट क्रिस्टलमध्ये शिरतो. फार ढिलाई केली तर क्रिस्टल भरकटतो. यातला मध्य साधणं हेच सगळं कसब.

टेबलावरच्या रिसीव्हरला सभागृहाच्या छपराखाली एकही उपग्रह सापडत नव्हता. कार्यवाह ओशाळले. वक्ते खूश! “हाच तर माझा विषय. आता हा स्वतःच्या जिवावर चाललाय.” याला धंद्यात होल्डओव्हर म्हणतात. दिवसाला दहा अब्जांत एका भागाने सरकणारा क्रिस्टल पहिल्या चोवीस तासांत चार मायक्रोसेकंदांहून थोडा जास्त चुकतो. ५जी टॉवरना दीड मायक्रोसेकंदाच्या आत राहावं लागतं. म्हणजे चौदाएक तासांत खेळ खलास, तोही तापमान जागचं हललं नाही तर.

इथवर व्याख्यान रुळावर होतं. मग निघाले न्यूट्रिनो.

सप्टेंबर २०११ मध्ये ‘ऑपेरा’ प्रयोगाने जाहीर केलं, की सर्नहून ७३० किलोमीटरवरच्या ग्रान सासोला जाणारे न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचतात. तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम अठरा मीटर जातो. जगभर खळबळ. पुढे सापडलं काय? डोंगराखालच्या प्रयोगशाळेत जीपीएसची वेळ नेणाऱ्या ऑप्टिकल फायबरचा जोड नीट घट्ट बसलेला नव्हता! त्यातून सुमारे ७३ नॅनोसेकंदांचा उशीर. वक्त्यांनी दोन बोटांनी तो जोड हवेत आवळून दाखवला, पुन्हा सैल केला, पुन्हा आवळला. “पण दुसरी चूक कुणी सांगत नाही,” त्यांचा आवाज चढला. मुख्य घड्याळातल्या ऑसिलेटरची गतीही किंचित चुकलेली होती आणि ती चूक उलट दिशेने काम करत होती. “आभाळातली वेळ बरोबर होती. खालचं घड्याळ आणि खालची वायर चुकली!” या एका कथेवर वीस मिनिटं गेली. आइन्स्टाइन वाचला म्हणून टाळ्याही पडल्या.

तेवढ्यात कार्यवाहांची चिठ्ठी आली. ती खिशात घालून वक्ते धावतपळत २६ जानेवारी २०१६ वर आले. ‘एसव्हीएन २३’ हा जुना जीपीएस उपग्रह निवृत्त करताना अनेक उपग्रहांवर १३ मायक्रोसेकंदांची चुकीची दुरुस्ती चढली. काही ठिकाणी बीबीसीचं डिजिटल रेडिओ प्रसारणही बिघडलं. ज्या यंत्रांनी आपल्या क्रिस्टलवर विश्वास ठेवून तो फरक नाकारला ती तरली. खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्यांना एकच संदर्भ वारंवारता कशी पुरवतात, हे सांगायचं राहूनच गेलं. विषय खरं तर आपल्या दारातला होता.

प्रश्नोत्तरांत एका तरुणाने विचारलं, “आता इंटरनेटवरूनही वेळ मिळते ना?” वक्ते जरा दुखावलेच. “मिलिसेकंदांची गोष्ट करताय. मी हजारपट बारीक बोलतोय!” तरुण वरमला नाही. “मग सरळ अणुघड्याळच का बसवू नये?” किंमत, एवढंच उत्तर आलं आणि ते पुरेसं नव्हतं. अणुघड्याळंही बिघडतात, हे उत्तर हाताशी होतं. आपल्या आयआरएनएसएस-१ए या दिशादर्शक उपग्रहावरची तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडली. स्वदेशी रुबिडियम घड्याळ मे २०२३ मध्ये एनव्हीएस-०१ उपग्रहाबरोबर वर गेलं. ही हकीकत आली, पण आभारप्रदर्शन सुरू झाल्यावर, माईक नसताना, पुढच्या दोन रांगांपुरती.

क्रिस्टलच्या प्रेमापोटी त्यांनी उपग्रहांवर अन्याय केला, हे खरं. त्यांचा शेवटचा आग्रह मात्र रास्त. आपल्या कारखान्यात, रुग्णालयात, वीजउपकेंद्रात वेळेचा रिसीव्हर असेल, तर आधी पर्यायी सोय करा आणि मग एक दिवस त्याची अँटेना काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी तो किती मायक्रोसेकंद सरकला ते मोजा आणि आकडा वहीत लिहून ठेवा.