हिरवीं कालवें

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल हा खाणींचा प्रांत. तेथील फाल नदीच्या खाडीला रेस्ट्राँगेट नांवाचा एक फांटा आहे. त्याला मिळणारी कार्नन नदी शतकानुशतकें तांब्याच्या व कथिलाच्या खाणींचें पाणी आणीत आली. त्यामुळें तळाचा चिखल तांब्याजस्तानें भरून गेला आहे. तरीही तेथें कालवें जगतात, हें ऐकून श्रोत्यांना नवल वाटेल. मात्र तांब्यामुळें त्यांचें मांस हिरवट होतें.

कालव पाणी गाळून पोट भरतें. कोकणांतील तिसऱ्यांचीही रीत तीच. तासाला कित्येक लिटर पाणी कल्ल्यांवरून जातें, आणि त्याबरोबर धातु अंगांत शिरतो. दोन्ही शिंपा घट्ट मिटून घेतां येतात खऱ्या, पण उपाशी किती वेळ राहणार? तेव्हां खरा बंदोबस्त शरीराच्या आंतच करावा लागतो.

त्या बंदोबस्तांत मेटॅलोथायोनिन नांवाचें एक प्रथिन आहे. १९५७ सालीं तें प्रथम सांपडलें घोड्याच्या मूत्रपिंडांत; पुढें शंखशिंपल्यांतही आढळलें. त्यांत गंधकाचे अणु पुष्कळ असतात, आणि ते तांबें, जस्त, कॅडमियम यांना जखडून ठेवतात. थोडाथोडा धातु अंगांत येऊं लागला, कीं हें प्रथिनही अधिक तयार होतें. सवयीनें येणारी सहनशक्ति ती हीच. शिवाय कालवाच्या रक्तांतील फिरत्या पेशी इवल्या पिशव्यांत धातु कोंडतात: एका जातीच्या पेशींत तांबें गंधकासह, दुसरींत जस्त फॉस्फरससह.

दुबळे मरून चिवटांचाच वंश उरला, तर ही शक्ति आनुवंशिकही होते. त्याच चिखलांतील एका कृमींत तसें झालेलें दिसलें आहे. शिंपल्यांचें प्रकरण अधिक गुंतागुंतीचें. बहुतेकांचीं पिलें प्रवाहाबरोबर दूर वाहतात व निरनिराळ्या ठिकाणचे वंश मिसळतात.

परंतु कोंडलेलें विष नाहींसें झालेलें नसतें; तें खाणाऱ्याच्या ताटांत येतें. जपानमध्यें मिनामाता उपसागराकांठीं १९५६ सालीं उघडकीस आलेला भयंकर रोग कारखान्याच्या पाऱ्यानें दूषित झालेले मासे व शिंपले खाल्ल्यानें झाला होता. जानेवारी १९९२ मध्यें कॉर्नवॉलमधील व्हील जेन या बंद खाणीचें पाणी फुटलें, तेव्हां फालची खाडी नारिंगी झाली. तें कोणालाही दिसलें. कालवांतील तांबेंही रंगावरून ओळखूं येतें. कॅडमियम व पारा मात्र शिंपल्याचा रंग बदलीत नाहींत. त्यांचा पत्ता प्रयोगशाळेंतच लागतो.