परक्या मातीतले गुरुजी

इंग्रजांनी मायदेशाची दारे बंद केलेले वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे 1924 साली मेक्सिकोत पोहोचले. देश परका, भाषा परकी. पण आपल्याकडे ज्वारीची भाकरी, तशी तिथे मक्याची. कष्टकऱ्याची भूक मात्र एकच! चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिशाळेत ते शिकवू लागले. तेवढ्यावर न थांबता, शाळेची पायरी न चढलेल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त कृषिशाळा उभारल्या. विख्यात चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी आपल्या भित्तिचित्रात त्यांना कष्टकऱ्यांच्या पंगतीत बसविले. आज खानदेशातून परदेशी निघालेल्या तरुणाने तेथे काय मिळेल, एवढेच पाहू नये. आपण तेथे काय देणार, हेही स्वतःस विचारावे. भारतमातेची ओळख परमुलखात अशा शिक्षकांमुळेच होते.