पाटीवरचे सियालकोट

(व्यापारी बांधवांच्या मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



किराणा दुकानदाराचे कसले आले आहे चरित्र, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. चरित्रे राजांची, संतांची, फार तर पुढाऱ्यांची! मी आज बोलणार आहे ते महाशय धर्मपाल गुलाटी यांच्याविषयी. पगडी आणि पांढऱ्या मिशांचा हा वृद्ध ‘एमडीएच’च्या वेष्टनावरून आपल्या स्वयंपाकघरात केव्हाच येऊन बसला आहे.

त्यांचा जन्म २७ मार्च १९२३चा, सियालकोटचा. घर आर्यसमाजी. वडील चुन्नीलाल यांचे ‘महाशियां दी हट्टी’ हे मसाल्याचे दुकान. धर्मपाल शाळेत रमले नाहीत. पाचवीतच शिक्षण संपले.

१९४७ साली फाळणीने घरदार, दुकान, गाव सारेच हिरावून घेतले. अमृतसरच्या निर्वासित छावणीतून हा चोवीस वर्षांचा तरुण सप्टेंबरअखेर दिल्लीत आला, तेव्हा वडिलांनी दिलेले दीड हजार रुपये जवळ होते. त्यांतून साडेसहाशेचा टांगा घेतला. नवी दिल्ली स्थानक ते कुतुब रोड, दोन आणे सवारी! पिढीजात व्यापाऱ्याचा मुलगा रस्त्यावर गिऱ्हाइकांना हाका मारीत होता. सर्वस्व गमावल्यावर द्वेष मनात धरून बसणे सोपे असते. या गृहस्थाने घोड्याचा लगाम हाती धरला.

पण टांग्यात जीव रमेना. करोल बागेत अजमल खाँ मार्गावर एक लाकडी खोके उभे राहिले आणि त्यावर पाटी लागली, सियालकोटच्या देगी मिरचीवाल्यांची. गाव सीमेपलीकडे राहिले होते, ते असे पाटीवर आले. दिल्लीत विखुरलेल्या पंजाबी निर्वासितांना त्या एका शब्दाची केवढी ओढ वाटली असेल!

१९५३ मध्ये चांदणी चौकात दुसरे दुकान निघाले, १९५९ मध्ये कीर्तीनगरला कारखान्याचा पाया घातला गेला. आपल्याकडे आजही घरोघरी उन्हाळ्यात मिरच्या वाळवून मसाला कांडून घेतात, कारण बाहेरच्या पुडीत काय मिसळले असेल याची शंका! ती शंका ज्याने दूर केली, त्याच्या हाती बाजार आला. भगिनींना हे मी काय सांगावे?

विश्वास मिळवायला मात्र आयुष्य लागते. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगने याच कंपनीच्या तीन मसाल्यांची विक्री थांबवली, त्यांत इथिलीन ऑक्साईड आढळल्याचे सांगून. कंपनीने आरोप नाकारला.

ते पाहायला महाशयजी नव्हते. २०१९ साली पद्मभूषण स्वीकारून ३ डिसेंबर २०२० रोजी, सत्त्याण्णवाव्या वर्षी ते गेले. जनकपुरीत त्यांच्या मातोश्री चनन देवी यांच्या नावाचे रुग्णालय आहे.